रेडिओ ऐकून अमेरिका खरंच पळत सुटली होती?

माध्यमांच्या प्रभावाचा विषय निघाला की ही गोष्ट हमखास येते: 30 ऑक्टोबर 1938 ला अभिनेता-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या रेडिओ नाटकात मंगळवासीयांनी हल्ला केला आणि तो खरा समजून लाखो अमेरिकन घरं सोडून पळाले. माध्यमाचा संदेश बंदुकीच्या गोळीसारखा थेट डोक्यात शिरतो, याचा हा पुरावा म्हणे.

गोष्ट रंगतदार, पण फुगवलेली. त्याच रात्री सुमारे 5000 घरांत फोन करून श्रोत्यांची पाहणी झाली होती. हे नाटक ऐकणारे निघाले जेमतेम 2 टक्के. काहीजण घाबरले, हे खरं. राईचा पर्वत केला तो दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांनी. (जाहिराती रेडिओकडे वळल्याचा वर्तमानपत्रांना राग होताच.)

गंमत म्हणजे घबराटीचा आधार म्हणून दाखवला जाणारा मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांचा 1940 चा अभ्यासच सांगतो की सगळे सारखे घाबरले नाहीत. कित्येकांनी दुसरं स्टेशन लावून खात्री करून घेतली. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड यांनी अमेरिकेच्या ओहायो राज्यातले मतदार अभ्यासले. माध्यमांतल्या निवडणूक प्रचाराने मत फिरलेले त्यांना थोडेच सापडले. ओळखीच्या माणसांचं बोलणं जास्त वजनदार ठरलं.