चांदीची माती आणि ठाण्याचा गरुड

चांदीच्या मातीपासून केलेले लोलक किंवा कर्णफुले प्रथमच हाती घेणारा बहुधा विचारतो, की ही माती चांदीच्या खाणीतून निघते का. ती कोणत्याच खाणीतून निघत नाही. येथे ‘माती’ हा शब्द केवळ हाताळणीपुरता आहे. चांदीची अतिसूक्ष्म पूड, सेंद्रिय चिकट पदार्थ आणि पाणी एकत्र मळून केलेला हा गोळा असतो. भट्टीत पाणी उडते, चिकट पदार्थ जळून जातो, चांदीचे कण वितळण्याच्या आधीच एकमेकांना घट्ट चिकटतात आणि हाती राहते ती ९९.९ टक्के शुद्ध चांदी. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. सारे कौशल्य भट्टी त्या मर्यादेच्या अलीकडे ठेवण्यात आहे.

या पदार्थाचा जन्म जपानमधला आणि अगदी अलीकडचा. १९९० च्या सुमारास मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीतील मासाकी मोरिकावा यांनी कुंभाराच्या मातीप्रमाणे हाताने घडवता येईल असा धातू तयार करण्याच्या दिशेने काम केले. त्याच दशकात आयडा केमिकल इंडस्ट्रीज या दुसऱ्या जपानी कंपनीने ‘आर्ट क्ले’ या नावाने आपली माती बाजारात आणली. आयडाचा मूळ व्यवसाय टाकाऊ मालातून मौल्यवान धातू परत मिळवण्याचा, त्यामुळे या चांदीला पुनर्वापराची पार्श्वभूमी आहे. मित्सुबिशीची सुरुवातीची माती ९०० अंशांवर दोन तास भाजावी लागे आणि भाजताना पाव भागाहूनही अधिक आकसे. पुढे आलेल्या प्रकारांचे आकसणे दहा टक्क्यांच्या आसपास उतरले, भाजणी सुमारे ६५० अंशांवर होऊ लागली आणि लहान नग गॅसच्या बर्नरवर काही मिनिटांत भाजता येऊ लागले. ठाण्या-नवी मुंबईतल्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी हे काम शक्य झाले ते या बदलामुळे.

आपल्याकडे दागिन्यांत निसर्ग नव्याने आणावा लागत नाही. बोरमाळ, चाफेकळी, जवाची माळ, कुयरीहार, बकुळीहार ही नावेच झाडाझुडपांतून आलेली आहेत. प्राण्यांपुरते बोलायचे तर पायाच्या बोटातली चांदीची मासोळी आहेच; वेणीत नागगोंडे होते आणि विठ्ठलाच्या कानी मकरकुंडले आहेत. मात्र सोनाराने घेतला तो वस्तूचा आकार, प्रत्यक्ष वस्तू नव्हे. पत्रा ठोकून, तार ओढून, तुकडे झाळून त्याने कळीची आठवण करून दिली. उठावाची, चहूबाजूंनी पाहण्याजोगी आकृती हवी असेल तर ती आधी मेणात घडवायची, त्यावर साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचे आणि पोकळीत धातू ओतायचा. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मूर्तींसाठी ही रीत सांगितलेली आहे. म्हणजे बोटांनी घडवले जाई ते मेण, आणि धातू मागाहून त्याची जागा घेई. चांदीच्या मातीत मधली ही पायरी गळाली. म्हणून माझ्या मते तिचे नाते सोनाराच्या ऐरणीपेक्षा शाडूच्या गणपतीशी अधिक जवळचे आहे. मळणे, ओल्या बोटाने सांधा पुसणे, सावलीत वाळवणे आणि तडा गेला की त्याच मातीच्या पातळ राबडीने तो बुजवणे, हे सारे गणपतीच्या कारखान्यात बसलेल्या माणसाला शिकवावे लागणार नाही.

पानाच्या बाबतीत तर ही माती सोनाराला न जमलेली गोष्ट करते. ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठी पडलेले पिंपळाचे कोवळे पान घ्यावे, शिरा ठसठशीत असलेल्या त्याच्या पाठीवर राबडीचा पातळ हात द्यावा, तो वाळू द्यावा आणि असे आठ-दहा हात चढवावेत. भट्टीत पान जळून जाते आणि शिरांचे सारे जाळे चांदीत उतरते. टोकाची लांब शेपटी मात्र नेहमी मोडते. तेथे दोन हात जास्त द्यावे लागतात. भट्टीतून आलेला नग पांढराफटक दिसतो, कारण पृष्ठभागावरचे कण प्रकाश विखुरतात. तारेच्या ब्रशने घासून ओप दिला की चांदी दिसू लागते. खाडीकाठच्या तिवराचे पान मी करून पाहिले. त्याच्या शिरा इतक्या पुसट की हाती फक्त एक चपटा पत्रा आला.

काल्पनिक प्राण्यांसाठी तर ठाणेकराने परदेशी ड्रॅगनच्या मागे जाण्याचे कारणच नाही. शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर लोकलने तासाभरात गाठता येते, आणि कीर्तिमुखे, म्हणजे दगडात कोरलेली उग्र काल्पनिक मुखे, पाहायला त्याहून चांगली जागा जवळपास नाही. ते मंदिर उभारणाऱ्या, श्रीस्थानक म्हणजे आजच्या ठाण्याशी निगडित असलेल्या शिलाहार राजघराण्याचे तर चिन्हच गरुड. सर्पाचा जीव वाचवण्यासाठी शिळेवर स्वतःला गरुडाचे भक्ष्य म्हणून ठेवणारा जीमूतवाहन हा विद्याधर, म्हणजे अर्धदैवी पुरुष, आपला पूर्वज, असे हे राजे सांगत आणि ‘सुवर्णगरुडध्वज’ हे बिरुद मिरवीत. त्याच घराण्यातील अरिकेसरी राजाचा शके ९३९ म्हणजे इ.स. १०१७ चा ताम्रपट ठाण्यातच मिळाला.

एक मर्यादा आधीच सांगायला हवी. भाजून झालेली ही चांदी शुद्ध असल्याने मऊ असते आणि ओतीव चांदीइतकी भरीवही नसते. रोजच्या वापरातली मासोळी तिची करू नये, लवकर वाकते. लोलक, कर्णफुले, साडीपिन हे तिचे खरे क्षेत्र.

माझा पहिला गरुड पंख पसरलेला होता, बहुधा पडद्यावर पाहिलेल्या गरुडांच्या प्रभावामुळे. वाळतानाच उजवा पंख खांद्यापाशी तडकला, बुजवला, आणि भट्टीत पुन्हा तेथेच सुटला. पातळ, बाहेर आलेला भाग जाड अंगाच्या आधी वाळतो आणि सांध्यावर ताण येतो, एवढे साधे कारण. शिलाहारांच्या ताम्रपटांवरील मुद्रांत गरुड वेगळा आहे: मानवी देहाचा, समोर तोंड करून बसलेला, हात जोडलेला. कोठेही टोक बाहेर नाही, कोठेही पातळ कड नाही. तोच बेत धरून दुसरा लोलक तीस मिलिमीटर उंचीचा घडवला. भट्टीतून तो सत्तावीस मिलिमीटरचा होऊन, पंखांसकट, अखंड बाहेर आला.