लिनक्सवर गेम चालत नाहीत, हे आता खरं नाही

"कामापुरतं लिनक्स ठीक, पण गेम खेळायचे तर विंडोजच हवं." विंडोजऐवजी कॉम्प्युटरवर टाकता येणाऱ्या लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल गेली कित्येक वर्षं हे ऐकतोय. एके काळी ते बरंचसं खरंही होतं. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला आणि विंडोज ११ न पेलणारे, चांगले चालते कॉम्प्युटर लोक लिनक्स टाकून वापरायचे सोडून केवळ या समजापायी मोडीत काढू लागले, याचं मनापासून वाईट वाटतं.

चित्र पालटलं ते ऑगस्ट २०१८ मध्ये. वाल्व्ह कंपनीने स्टीम या आपल्या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रोटॉन आणलं, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर. त्याचा पाया म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा, १९९३ पासून चालत आलेला 'वाइन' हा प्रकल्प. विंडोजचा गेम ग्राफिक्स कार्डाला (चित्रं उमटवणाऱ्या भागाला) डायरेक्टएक्स या विंडोजच्या भाषेतून हुकूम सोडतो. प्रोटॉन ते हुकूम तिथल्या तिथे लिनक्सवरही चालणाऱ्या वल्कन या भाषेत बदलून देतं. आपल्याला यातलं काही दिसत नाही. निळं 'इन्स्टॉल' दाबायचं, थोड्या वेळाने तिथेच हिरवं 'प्ले' येतं, बस्स. २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक हा हातातला गेमिंग कॉम्प्युटर तर मुळात लिनक्सवरच चालतो.

अडचण आहे ती काही ऑनलाइन गेमची. व्हॅलोरंट, फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत. कारण त्यांचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर लिनक्सला दारातच अडवतं. ग्राफिक्सचा त्यात काही संबंध नाही. घरात रोज व्हॅलोरंट खेळणारं कुणी असेल, तर विंडोज खुशाल राहू द्या. बाकीच्यांनी आपला गेम प्रोटॉनडीबी या साइटवर शोधावा. तो कसा चालतो, हे खेळणाऱ्यांनीच तिथे नोंदवलेलं असतं.