जनगणना शेवटी, पलटण आधी : मराठी घराण्यांच्या नोंदींची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये पणजोबांचा शोध घ्यायला बसलेला माणूस आधी जनगणना उघडतो. १८४१ पासूनच्या गणनेत तिथे घरातल्या प्रत्येकाचे नाव मिळते. १९२१ ची पाने शंभर वर्षांची मुदत सरल्यावर जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. त्यानंतर चर्चमधली लग्ने, मग लष्कर. वंशावळ शोधण्याच्या इंग्रजी मार्गदर्शिका याच क्रमाने जातात, आणि मराठी घरातला माणूस तो क्रम धरून निघाला की पहिल्याच पायरीवर अडतो. आपल्याकडे जनगणनेत नाव सापडत नाही, लग्न बहुधा नोंदलेलेच नसते आणि लष्कराचा कागद मात्र भलताच बोलका निघतो.

हिंदुस्थानभर एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. त्या रात्री गणकांनी नावे लिहिली होती, पण सरकारला हवी होती ती कोष्टके : किती माणसे, कोणत्या जातीची, कोणत्या धंद्यातली. १९०१ पासून प्रत्येक माणसाची माहिती वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावायची पद्धत आली. बेरजा झाल्या की मूळ कागद नष्ट केले जात. पुढे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ ने वैयक्तिक नोंदी पाहायला आणि पुरावा म्हणून वापरायलाही बंदी घातली. म्हणून ‘१८८१ च्या जनगणनेत आमचे घराणे’ असे कुणी म्हणाले, तर त्याने बहुतेक जातवार आकडा पाहिलेला असतो. अपवाद एकच, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर. ते जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरूनच उतरवले होते, त्यामुळे जिथे टिकले आहे तिथे नावे मिळतात.

गंमत अशी की पेशवाईतली खानेसुमारी, म्हणजे घरांची गणना, या बाबतीत उजवी. ती घरपट्टी आणि बंदोबस्तासाठी घरोघर फिरून केलेली, आणि म्हणून घरवाल्याच्या नावानिशी. पुण्याच्या पेठांच्या अशा याद्या पेशवे दप्तरात आहेत. बायका-मुले त्यात आकड्यापुरती आली तर आली.

आता पलटण. शिपायाचा पगार, पेन्शन आणि मेल्यावर वारसाला द्यायचे पैसे यांचा हिशेब चुकून चालत नव्हता. म्हणून शिपायाच्या नावापुढे बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा लिहिला जाई. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांची ही माहिती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत फुकट पाहता येते. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या होत्या. त्यातले आणि नंतर कैदेत मेलेले पुष्कळ जण बसरा स्मारकाच्या यादीत आहेत. स्मारकाच्या मूळ शिलापट्टांवर मात्र हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांचीच नावे कोरली होती. हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा होता. त्यामुळे शिलापट्टाचे छायाचित्र पाहून ‘आमच्या पणजोबांचे नाव नाही’ असे ठरवू नये, यादीतच शोधावे.

शोधताना तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, पलटणीचा नंबर. १९०३ मध्ये मुंबई फौजेच्या पायदळ पलटणींच्या आकड्यात शंभर मिळवले गेले आणि १९२२ मध्ये पुन्हा फेररचना झाली. त्यामुळे ३ री बॉम्बे, १०३ री मराठा लाइट इन्फन्ट्री आणि पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन ही एकच पलटण. ५-१०५-दुसरी, १०-११०-तिसरी, १६-११६-चौथी, १७-११७-पाचवी अशी बाकीची साखळी. ११४ वी प्रशिक्षणाची दहावी बटालियन झाली.

दुसरे, जिल्हा. सांगलीकडचा शिपाई बहुधा ‘सातारा’ खाली सापडतो, कारण दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. मालवण, देवगडचे लोक १९८१ पर्यंत रत्नागिरीचेच. रायगडासाठी ‘कुलाबा’ पाहावे.

तिसरे, स्पेलिंग. लिहिणारा कारकून कानाला पडेल ते इंग्रजीत उतरवी. शिंदेचे पाच प्रकार, पवारचे चार, आणि निम्म्या वेळा आडनावच गायब : नुसते ‘धोंडी’ आणि पुढे बापाचे नाव ‘रामजी’. म्हणून आडनावाने शोधू नये. गावाचे नाव दोन-तीन प्रकारे लिहून बघावे, तालुक्याने गाळावे आणि मग बापाच्या नावाने पडताळावे.

पलटण आणि शिपायाचा क्रमांक कुठून आणायचा? घरात पदक असेल तर ते हातात घ्या आणि कड उजेडाकडे धरून फिरवा. १९१४ च्या युद्धाच्या ‘ब्रिटिश वॉर मेडल’ या पदकाच्या कडेवर, म्हणजे नाण्याला दाते असतात त्या जागी, बारीक इंग्रजी अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. हे पदक शिपायांना चांदीचे आणि खिदमतीतल्या माणसांना काशाचे. त्यामुळे हे पदक काशाचे दिसले तर पूर्वज बंदूकवाला नव्हता, पाणक्या-भिस्तीसारख्या खिदमतीतला असावा. घासून चकचकीत केलेल्या पदकाची कड सपाट झालेली असते. राखेने किंवा चिंचेने घासू नये, भिंगाखाली वाचावे. आणि क्रमांक पलटणीपुरताच असतो. तोच क्रमांक दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच माणसाचा.

नोंदीतला ‘दखनी मराठा’ किंवा ‘कोकणी मराठा’ हा शब्द जपून घ्यावा. तो भरतीचा वर्ग होता. कंपन्या त्याप्रमाणे भरत. घरची जात-पोटजात त्यावरून सिद्ध होईलच असे नाही. त्याआधीच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत महार शिपायांच्या नावाला ‘नाक’ हा प्रत्यय असे. कोरेगावच्या विजयस्तंभावर १ जानेवारी १८१८ ला पडलेल्यांच्या यादीत तो स्पष्ट दिसतो. १८९० नंतर ही भरती बंद पडत गेली, १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहून १९२१ मध्ये मोडली, आणि महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिली. घराण्यात मधल्या दोन पिढ्या फौजेत दिसत नसतील, तर त्याचे कारण या तारखांत आहे. पेन्शनवाले दापोलीसारख्या ठिकाणी स्थायिक होत, म्हणून पेन्शनच्या कागदावरचा पत्ता आणि मूळ गाव वेगळे असू शकते. स्वातंत्र्याच्या आसपासच्या शिपायासाठी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला. गावाजवळ जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

लग्नाच्या बाबतीत हिंदू घरांत सरकारी कागद उशिरा येतो. मुंबई राज्याने विवाह नोंदणीचा कायदा १९५३ मध्ये केला. सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची नोंदणी करा असे राज्यांना सांगितले ते २००६ मध्ये. मराठेशाहीत ‘लग्नटका’ आणि पुनर्विवाहावरचा ‘पाटदाम’ हे कर होते, पण वसुलीच्या कागदात रक्कम ठळक आणि नवरा-नवरी क्वचित. गोव्यात चित्र अगदी वेगळे. पोर्तुगीज दिवाणी संहिता तिथे १८७० मध्ये लागू झाली आणि पुढे नागरी नोंदणीत हिंदूंची लग्नेही आली.

बाकी महाराष्ट्रात लग्न शोधायचे ते जमिनीत. मृत्यूनंतरची वारस नोंद, म्हणजे गाव नमुना ६-क आणि त्यावरून झालेला फेरफार, हाच आपला विवाह-दाखला. तिथले शब्द ओळखता आले पाहिजेत. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे मुलगा. ‘सखूबाई कोम धोंडी’ म्हणजे धोंडीची बायको. ‘मर्द’ आणि ‘भ्र.’ यांचाही अर्थ तोच. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान वारसाचा पालनकर्ता, ‘ए.कु.पु.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा पुढारी; या एका नावामागे चार भाऊ दडलेले असतात. १९५६ च्या वारसा कायद्याआधीच्या नोंदींत मुली बहुधा नसतात. त्यानंतर त्या सासरच्या आडनावानिशी येतात, आणि पुढचे हक्कसोडपत्र सासरचे गावही सांगते. जुने फेरफार आता बऱ्याच जिल्ह्यांत ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज.

सासर-माहेर दोन्ही एका पानावर हवे असेल तर तीर्थोपाध्याय गाठावा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या वह्यांत येणाऱ्याने आपल्या हाताने आजोबा, वडील, भाऊ, मुले आणि बायकांची नावे लिहिलेली असतात. वही आडनावाने लागत नाही, मूळ गावाने लागते. पुण्यात चार पिढ्या काढलेल्या घराने ‘पुणे’ सांगितले, तर उपाध्याय चुकीचा बाड सोडतो.

कुणबी नोंदींसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून अभिलेख कक्षांत गर्दी वाढली. तपासायच्या कागदांत खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चे रजिस्टर, शाळेचे जनरल रजिस्टर आणि माजी सैनिकांच्या नोंदीही आहेत. सर्वात जास्त हाताळला जातो तो गाव नमुना १४, जन्म-मृत्यूचा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात बाळाचे नाव नसते, कारण नोंद बारशाच्या आधीची. ‘धोंडी बिन रामजी यास मुलगा’ एवढेच. हा मुलगा म्हणजे आपलेच आजोबा असे म्हणण्याआधी त्याच बापाच्या मागच्या-पुढच्या दहा वर्षांतल्या सगळ्या नोंदी उतरवून घ्याव्यात, मृत्यूच्याही. दोन मुलगे लहानपणी गेलेले आणि तिसरा जगलेला, असे वारंवार निघते.

हे कागद मोडीत असतात आणि तारखा आपल्या नसतात. शके असेल तर ७८ मिळवावेत, जानेवारी ते फाल्गुनअखेरचा कागद असेल तर ७९. फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१, कारण वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलते. निजामाच्या मुलखात ते ऑक्टोबरात बदले. पेशवाईतला सुहूर सन अरबी शब्दांत येतो : ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे २, ७०, १०० आणि १०००, एकूण ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१ चे मृग. कागद मृगानंतर डिसेंबरपर्यंतचा असेल तर १७७१, जानेवारी ते पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर १७७२. या एका वर्षाच्या चुकीने बापाच्या जागी मुलगा बसतो, विशेषतः आजोबाचे नाव नातवाला ठेवणाऱ्या घरांत.