मायक्रोग्लिया की अ‍ॅस्ट्रोसाइट: सिनॅप्स कोण तोडतं?

अल्झायमरच्या चर्चेत ‘ग्लिया पेशींना सूज येते’ असं सर्रास म्हटलं जातं. ग्लिया म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशी. पण या एका शब्दाखाली दोन अगदी निराळ्या पेशी येतात. मायक्रोग्लिया ही मेंदूतली पहारेकरी. गर्भावस्थेत पीतक पिशवीतून येऊन तिथे स्थायिक झालेली, रक्तातल्या भक्षक पेशींची नातेवाईक. अ‍ॅस्ट्रोसाइट चेतापेशींच्याच कुळातली, घर सांभाळणारी.

सांभाळणं म्हणजे काय? माणसाच्या एका अ‍ॅस्ट्रोसाइटच्या कक्षेत २० लाखांपर्यंत सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधले संदेशाचे सांधे, येऊ शकतात. संदेश गेल्यावर उरलेलं ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन ती शोषून घेते. हे काम मंदावलं की चेतापेशीत कॅल्शियम साचतं आणि सिनॅप्स गळतो. अ‍ॅस्ट्रोसाइटचं नुकसान बहुधा असं हयगयीतून होतं.

मायक्रोग्लिया मात्र थेट गिळते. सी१क्यू हे प्रथिन सिनॅप्सवर खूण करतं, पुढे सी३ हे दुसरं प्रथिन चिकटतं आणि ते ओळखून ही पेशी सिनॅप्स गिळंकृत करते. वाढत्या मेंदूत ही छाटणी गरजेचीच. २०१६ मध्ये अल्झायमरसदृश उंदरांत दिसलं, की अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचण्याआधीच ही छाटणी पुन्हा सुरू होते. सी१क्यू अडवल्यावर सिनॅप्स वाचले. हे उंदरांतलं आहे, एवढं ध्यानात असू द्या. महत्त्व यासाठी, की रुग्णाची विस्मृती थरांपेक्षा सिनॅप्सच्या घटीशी जास्त जुळते, हे १९९१ पासून माहीत आहे.

सीमारेषा पक्की मात्र नाही. अ‍ॅस्ट्रोसाइटही सिनॅप्स गिळतात, पेशीवरच्या वेगळ्या ग्राहक-प्रथिनांमार्फत. शिवाय बिथरलेली मायक्रोग्लिया आयएल-१ आल्फा व टीएनएफ हे दाहाचे संकेत आणि सी१क्यू सोडून अ‍ॅस्ट्रोसाइटलाही बिघडवू शकते.

अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेली जनुकं पाहिली तर ट्रेम२ मायक्रोग्लियाचं, एपीओई मुख्यतः अ‍ॅस्ट्रोसाइटचं. प्रयोगशाळेत आयबा१ या प्रथिनाच्या खुणेने पहिली रंगते, जीएफएपी या प्रथिनाच्या खुणेने दुसरी. जीएफएपी रक्तातही मोजतात, पण डोक्याला मार लागला तरी ते वाढतं. एकट्या आकड्यावर निदान करू नये.

मग मायक्रोग्लिया सरसकट दाबून टाकावी? नाही. ट्रेम२चं काम कमी करणाऱ्या बदलांनी अल्झायमरचा धोका वाढतो, कारण अमायलॉइडच्या थरांना वेढा घालणारीही तीच पेशी आहे. लेकानेमॅबसारखं अल्झायमरचं औषधही अमायलॉइडला प्रतिपिंड चिकटवतं. ते उचलायला मायक्रोग्लियाच लागते.