विजापूरचे दोन इब्राहीम : आजोबा आणि नातू

विजापूरच्या आदिलशाहीत इब्राहीम नावाचे दोन सुलतान होऊन गेले. पहिल्याची कारकीर्द १५३४ ते १५५८ आणि दुसऱ्याची १५८० ते १६२७. नात्याने ते आजोबा आणि नातू. मधल्या काळात पहिल्या इब्राहीमचा मुलगा अली गादीवर होता. त्याला मुलगा नसल्यामुळे त्याचा भाऊ तहमास्प याचा मुलगा, म्हणजे दुसरा इब्राहीम, वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास सुलतान झाला. ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ ही विशेषणे इतिहासकारांनी सोयीसाठी लावलेली आहेत. ती गळून पडली, की मराठीला दफ्तरात आणणारा, सरस्वतीची स्तुती गाणारा आणि भातवडीच्या लढाईत हरणारा असा एकच ‘उदार इब्राहीम’ तयार होतो, आणि तसा माणूस कधी झालाच नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट दफ्तराची आहे, आणि तिचे श्रेय आजोबांचे आहे. गादीवर येताच पहिल्या इब्राहीमने शिया पंथ बाजूला सारून सुन्नी पंथ स्वीकारला, बारा इमामांची नावे खुत्ब्यातून (शुक्रवारच्या नमाजातील प्रवचनातून) काढली आणि इराणकडून आलेल्या आफाकी सरदारांपैकी बहुतेकांना दूर करून दखनी व हबशी लोकांना जवळ केले. याच ओघात त्याने राज्याचे हिशेब फार्सीतून हिंदवीत आणले आणि ते काम ब्राह्मणांकडे सोपवले, असे इतिहासकार फेरिश्ताने नोंदवले आहे. मराठी मुलखात याचा अर्थ मराठीतला जमाखर्च असाच होता. गावच्या कुलकर्ण्याचे आणि परगण्याच्या देशपांड्याचे कागद आधीच मोडीत असत. वरच्या कचेरीनेही तीच भाषा धरल्यावर वसुलाचा ताळा घेणे सोपे झाले आणि आफाकी कारकुनांवरचे अवलंबित्व संपले. हा निर्णय दरबारातील सत्तेच्या झगड्यातून आला, हे मान्य केल्याने त्याचे मोल कमी होत नाही. मात्र त्यावरून हा सुलतान मृदू स्वभावाचा होता असे समजणे चूक ठरेल. अखेरच्या आजारात आपल्याला बरे करू न शकलेल्या वैद्यांना त्याने ठार करवले, असेही फेरिश्ताच सांगतो. आणि फेरिश्ताने हा इतिहास लिहिला तो नातवाच्याच आश्रयाने.

नातवाचे जग वेगळे होते. त्याचे बालपण राजप्रतिनिधींच्या भांडणांत गेले. त्याचा सांभाळ करणाऱ्या चांदबीबीला किश्वरखानाने साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले, आणि पुढे दिलावरखानाचा अंमल १५९० मध्ये संपला, तेव्हा कुठे खरी सत्ता त्याच्या हाती आली. त्यानंतर या सुलतानाने संगीताला जे स्थान दिले, तसे दख्खनच्या दुसऱ्या कोणत्याही दरबारात क्वचितच मिळाले असेल. ‘किताब-ए-नौरस’ हा त्याचा दखनी भाषेतील गीतसंग्रह रागांनुसार रचलेला आहे, आणि त्यात सरस्वती, गणपती, पैगंबर व गुलबर्ग्याचे संत गेसूदराज यांची स्तुती एकाच श्रद्धेने येते. आपल्या ‘मोतीखान’ नावाच्या तंबुऱ्यावर आणि ‘आतशखान’ नावाच्या हत्तीवरही त्याने गीते रचली. प्रजा त्याला ‘जगद्गुरू’ म्हणे. विजापूरजवळ १५९९ मध्ये त्याने नौरसपूर हे नवे शहर वसवायला घेतले. १६२४ मध्ये भातवडीला आदिलशाही व मोगल फौजांचा पराभव केल्यानंतर निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने ते उद्ध्वस्त केले. त्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने लढत होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले.

गोंधळ वाढण्याचे आणखी एक कारण म्हणजे दोघेही सुन्नी होते आणि मधला अली शिया. त्यामुळे केवळ पंथावरून ओळख पटत नाही. त्यात गोवळकोंड्याचा इब्राहीम कुतुबशहा (१५५० ते १५८०) हा तेलुगू कवींचा आश्रयदाता म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्याची कीर्तीही कधीकधी विजापूरच्या खात्यावर जमा होते.

मजकुरात नुसते ‘इब्राहीम आदिलशहा’ असे असेल, तर सोबतची नावे पाहावीत. चांदबीबी, मलिक अंबर किंवा शहाजीराजे असतील, तर तो नातू. बेळगावचा असदखान लारी असेल, तर तो आजोबा. बारदेश आणि साष्टी पोर्तुगीजांच्या हाती गेली तीही आजोबांच्याच काळात, १५४३ च्या सुमारास, कारण आदिलशाही घराण्यातला गादीचा एक दावेदार गोव्यात पोर्तुगीजांच्या आश्रयाला होता आणि त्याला तिथून हलवणे पहिल्या इब्राहीमला जमिनीपेक्षा महत्त्वाचे वाटत होते. विजापूरचा इब्राहीम रोजा पाहायला जाणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे, की ती कबर नातवाची आहे. पहिल्या इब्राहीमचे दफन गोगी येथे, त्याचे स्वतःचे वडील व आजोबा यांच्या शेजारी झाले.