मृदू ऊतींतील परजीवी गाठी

त्वचेखालची चरबी, स्नायू किंवा स्नायूंवरचे आवरण यांत पट्टकृमीच्या अळीने कोश करून राहिल्यामुळे आलेली गाठ. भारतात तिची दोन मुख्य कारणे आहेत : कुत्र्याच्या आतड्यात राहणारा एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस आणि माणसाच्या आतड्यात राहणारा टीनिया सोलियम. पहिल्यामुळे हायडॅटिड, म्हणजे द्रवाने भरलेला कोश, तर दुसऱ्यामुळे सिस्टिसर्कोसिस होतो.

एकिनोकॉकसची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतात. मेंढीच्या यकृतात किंवा फुप्फुसात त्यांचे कोश होतात आणि मेलेल्या जनावराचे ते कच्चे अवयव कुत्र्याने खाल्ले की चक्र पूर्ण होते. माणूस त्यात चुकून सापडतो. आतड्यातून रक्तात शिरलेली बहुतेक बीजे यकृत व फुप्फुस अडवतात, त्यामुळे स्नायूपर्यंत पोहोचलेले कोश शेकडा पाचाच्या आतच असतात. दिवाळीनंतर देशावरून कोकणात उतरणारे धनगरांचे वाडे ठाणे-रायगडच्या लोकांना नवे नाहीत. पण ठाण्यात किंवा नवी मुंबईत सापडलेल्या गाठीची लागण इथलीच असेल असे नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. पुढे वसलेल्या नोडांमधली, म्हणजे उपनगरांमधली, कितीतरी माणसे बाहेरगावाहून आली, आणि हा कोश वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. म्हणून बालपण कुठे गेले, घरी मेंढ्या-कुत्री होती का, हे विचारल्याशिवाय रुग्णाची माहिती पुरी होत नाही.

मांडी, पाठ किंवा कुल्ल्यावरची ही न दुखणारी गाठ बहुधा चरबीची गाठ किंवा क्षयाचा थंड गळू समजली जाते. मग ‘आत काय आहे ते पाहू’ म्हणून सुई घातली जाते, आणि धोका तिथेच असतो. आतील द्रव दाबाखाली असतो. तो सांडला तर तीव्र ॲलर्जीने रक्तदाब कोसळू शकतो आणि द्रवातली बीजे आजूबाजूला रुजून नव्या गाठी होतात. त्यामुळे सुईआधी सोनोग्राफी हवीच. दुहेरी भिंत, सुटून तरंगणारा पापुद्रा, मोठ्या कोशात लहान कोश या खुणा दिसल्या की पुढे एमआरआय, पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे. रक्ताची एलायझा तपासणी निगेटिव्ह आली तरी स्नायूतला हायडॅटिड नाकारता येत नाही. उपचार म्हणजे शक्य असेल तिथे गाठ न फोडता अखंड काढणे, आणि आधी व नंतर अल्बेंडाझोल हे जंतनाशक; प्रौढाला साधारणतः ४०० मिग्रॅ. दिवसातून दोनदा, स्निग्ध जेवणाबरोबर. औषध चालू असताना यकृताच्या व रक्तपेशींच्या तपासण्या कराव्या लागतात. शस्त्रक्रियेत गाठीभोवती २० टक्के मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या घड्या ठेवतात. गाठ पुन्हा उद्भवू शकते, म्हणून पुढची काही वर्षे तपासणी चालू ठेवतात.

सिस्टिसर्कोसिसचे गणित नेमके उलटे आहे. इथे सुईला फारसे भ्यायचे कारण नाही. भीती घाईने दिलेल्या जंतनाशक गोळीची. लहानशा लांबट कोशात भिंतीला चिकटलेला पांढरा ठिपका, म्हणजे अळीचे डोके, सोनोग्राफीत दिसले की निदान जवळजवळ पक्के होते. पण तशाच अळ्या मेंदूत किंवा डोळ्यात असतील, तर औषधाने त्या मरताना येणारी सूज झटके आणू शकते, दृष्टीही घालवू शकते. म्हणून आधी नेत्रतपासणी आणि मेंदूचे स्कॅन. एकुलती गाठ असेल तर ती काढून टाकणे पुरते, त्रास नसेल तर नुसते लक्ष ठेवले तरी चालते. डुकराचे मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होतो, हे घरच्यांना पटवणे अवघड जाते. कच्चे राहिलेले मांस खाल्ल्याने पोटात जंत होतो. गाठी मात्र जंत झालेल्या माणसाच्या विष्ठेतील अंडी पोटात गेल्याने होतात. रेल्वे रुळांकडेला सांडपाण्यावर पिकवलेली पालेभाजी इथे आठवते.

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नेरूळ, कामोठे येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये अशा ठिकाणी शस्त्रक्रिया व पॅथॉलॉजी हे विभाग एकाच आवारात असतात. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच निदान कायम होते.

वृद्धांच्या पायाच्या एक्स-रेत दिसणारी वेटोळ्याची चुनखडी रेघ मात्र बहुधा जुन्या नारूची, म्हणजे त्वचेखाली राहणाऱ्या लांब जंताची, असते. भारत २००० साली नारूमुक्त घोषित झाला असून त्या रेघेला उपचार लागत नाही.