मूत्राशयाचं दुखणं आणि त्याच्या निदानाची दोनशे वर्षं

लघवी तपासली, कल्चर केलं, सोनोग्राफी झाली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. तरी ओटीपोटात जळजळ आहेच. लघवीची पिशवी जरा भरली की कळ येते, जाऊन आलं की घटकाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच. मूत्राशयाचं जुनाट दुखणं सोसणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते. जंतुसंसर्ग असेल म्हणून अँटिबायोटिकचा एक कोर्स होतो, मग दुसरा, मग तिसरा. गुण येत नाही, आणि एक दिवस समोरचा डॉक्टर म्हणतो, "फार मनावर घेऊ नका."

हे वाक्य एखाद्या डॉक्टरच्या तुसडेपणातून आलेलं नसतं. त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. मला तो इतिहास औषधांचा कमी आणि डॉक्टरांच्या डोळ्यांचा जास्त वाटतो: मूत्राशयात त्यांना काय दिसलं, काय दिसलं नाही, आणि जे दिसलं नाही त्याचं त्यांनी काय केलं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूत्राशय दुखतंय म्हणजे मुतखडा, हे जवळपास गृहीतच धरलं जाई. आत बघायची सोय नव्हती. शल्यविशारद धातूची वाकडी सळई मूत्रमार्गातून पिशवीत घालत आणि ती खड्यावर आपटल्याचा टक् आवाज येतो का, हे बघत. आवाज आला तर शस्त्रक्रिया व्हायची. नाही आला तर पुढे काय, याला उत्तर नव्हतं. खड्यासारखाच त्रास होणारे पण खडा नसलेले रुग्ण असतात, हे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे शल्यविशारद फिलिप सिंग फिजिक यांनी त्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवलं होतं. १८३६ मध्ये त्याच शहरातल्या जोसेफ पॅरिश यांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं आणि त्यांच्या दुखण्याला 'टिक डुलुरू ऑफ द ब्लॅडर' म्हटलं. टिक डुलुरू म्हणजे चेहऱ्याच्या नसेतून विजेसारखी जाणारी सणक. मूत्राशयाचं हे दुखणं नसेचंही असू शकतं, हा अंदाज पॅरिश यांनी तेव्हाच बांधला होता. तो लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण वैद्यकाला पुन्हा तिथे पोचायला दीडशेहून अधिक वर्षं लागली.

'इंटरस्टिशियल सिस्टायटिस' हे नाव १८८७ मध्ये अलेक्झांडर स्कीन या स्त्रीरोगतज्ज्ञांनी वापरलं. आतल्या अस्तराची नासधूस करून खालच्या स्नायूंच्या थरापर्यंत गेलेली सूज, असा त्यांचा अर्थ होता. हे नाव पुढे शंभर वर्षं टिकलं आणि त्यानं एक अडचण मागे ठेवली. नावातच सूज असल्यामुळे सूज दाखवा, तरच आजार मान्य, असा हिशेब होऊन बसला.

मग १९१५ साल आलं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले स्त्रीरोगतज्ज्ञ गाय हनर यांनी आठ स्त्रियांच्या केसेस प्रसिद्ध केल्या. ओटीपोटात वेदना, सतत लघवीची घाई, रात्री पुन्हा पुन्हा उठणं, आणि हे सगळं सरासरी १७ वर्षांपासून. तेव्हाची तपासणी कशी होई, हे डोळ्यांसमोर आणून बघा. हनर ज्या विभागात तयार झाले तिथे हॉवर्ड केली यांची पद्धत होती. बाईला गुडघे आणि छाती टेकवून ओणवं करायचं, मूत्रमार्गातून एक साधी नळी घालायची, की त्या स्थितीत हवा आपोआप आत शिरून पिशवी फुगते. डॉक्टरच्या कपाळावर आरसा, दिव्याचा उजेड त्या आरशावरून नळीत, आणि नळीच्या टोकाशी दिसतो तेवढा अस्तराचा तुकडा. त्या तेवढ्याशा उजेडात हनर यांना लालसर, जरा धक्का लागला की रक्त येणारे डाग दिसले. ते सहज नजरेतून सुटतात, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. त्यांना 'हनर अल्सर' हे नाव पडलं. मूत्राशयाचा तेवढा भाग कापून काढणं हा त्यांचा इलाज होता.

१७ वर्षं कोणी दखल न घेतलेल्या वेदनेला पहिल्यांदाच बोट ठेवता येईल अशी जागा मिळाली, आणि याचं श्रेय हनर यांचंच आहे. पण व्रण दिसला तर आजार खरा, असं समीकरण झाल्यावर व्रण न दिसणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं? आजार दुर्मीळ आहे, तो उतारवयातल्या बायकांनाच होतो, अशा समजुती पाठ्यपुस्तकांत पक्क्या झाल्या. १९४९ मध्ये जॉन हँड यांनी २२३ रुग्णांचा अभ्यास मांडला. बऱ्याच जणांच्या मूत्राशयात व्रण नव्हता. पिशवी पाण्यानं ताणली की अस्तराखाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटत, एवढंच. हे निरीक्षण नंतरची कित्येक वर्षं फारसं कोणी मनावर घेतलं नाही. दरम्यान इलाज म्हणून सिल्व्हर नायट्रेट आत सोडलं जाई किंवा भूल देऊन पिशवी पाण्यानं ताणली जाई, आणि काहीच चाललं नाही तर मूत्राशय काढून टाकलं जाई.

या सगळ्या इतिहासात मला १९७८ या एका वर्षापाशी थांबावंसं वाटतं. त्या वर्षी मेसिंग आणि स्टॅमी यांनी व्रण नसलेल्या रुग्णांतले ते रक्ताचे ठिपके निदानासाठी पुढे आणले आणि आजार लवकर ओळखण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षी डीएमएसओ हे द्रावण मूत्राशयात सोडण्यासाठी अमेरिकेत मंजूर झालं. कागदासाठी लाकडाचा लगदा करताना मिळणारं हे रसायन. ते आत सोडल्यावर रुग्णाच्या श्वासाला बराच वेळ लसणासारखा वास येतो. आणि त्याच १९७८ मध्ये युरॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकारशास्त्राच्या, एका मान्यवर पाठ्यपुस्तकात हा आजार मानसिक कारणांनी होणाऱ्या विकारांच्या प्रकरणात होता. भावनिक अस्वस्थतेनं चिडचिडं झालेलं मूत्राशय, मनात दडलेल्या द्वेषाला वाट करून देणारं इंद्रिय, अशा अर्थाचं विवेचन त्यात होतं. ते वाचून किती पिढ्यांचे डॉक्टर तयार झाले असतील आणि समोर बसलेल्या किती बायकांकडे त्यांनी त्याच नजरेनं पाहिलं असेल, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. "मनावर घेऊ नका" हे वाक्य इथे छापील स्वरूपात सापडतं.

ते मोडून काढलं एका रुग्णानंच. विकी रॅटनर वैद्यकीय शिक्षण घेत असताना त्यांना हा त्रास सुरू झाला. डॉक्टरांमागून डॉक्टर झाले, निदान होईना. शेवटी त्यांनी ग्रंथालयात बसून संदर्भ धुंडाळले आणि आपला आजार आपणच ओळखला. १९८४ मध्ये त्यांनी इंटरस्टिशियल सिस्टायटिस असोसिएशन स्थापन केली. टीव्हीवरून या आजाराबद्दल बोलल्यावर हजारो पत्रं आली. दुर्मीळ म्हणवला जाणारा आजार घराघरात होता. पुढे याच दबावातून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९८७ मध्ये तज्ज्ञांची बैठक घेतली आणि संशोधनासाठी निकष ठरवले.

ते निकष म्हणजे या इतिहासातलं दुसरं मोठं वळण. दिवसभरात आठपेक्षा कमी वेळा लघवी होत असेल, रात्री उठावं लागत नसेल, जागेपणी पिशवीत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त मावत असेल, त्रासाला नऊ महिने झाले नसतील, तर तो रुग्ण अभ्यासातून बाद.

माझ्या परिचयाच्या एका बाईंची लघवीची नोंदवही मी पाहिली आहे. डावीकडे वेळ, मध्ये मापाच्या भांड्यातला आकडा, उजवीकडे वेदना दहापैकी किती. १:१०, ९० मिली, ६. १:५५, ६० मिली, ७. २:५०, ८० मिली, ७. रात्रीच्या नोंदींचं अक्षर वाकडंतिकडं, कारण दिवा न लावता लिहिलेलं. शेजारी झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून. ही वही निकषांत सहज बसते. पण त्यांनाच पाच वर्षांपूर्वी, रात्री उठावं लागत नव्हतं आणि नुसती कळ येत होती तेव्हा, विचारलं असतं, तर याच निकषांनी त्यांना बाहेर काढलं असतं.

निकष केले होते संशोधनासाठी. एकसारखे रुग्ण निवडता यावेत एवढाच हेतू. दवाखान्यांत मात्र ते निदानासाठी वापरले जाऊ लागले. १९९९ मध्ये फिलिप हॅनो आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. अनुभवी तज्ज्ञांना ज्यांना हाच आजार आहे असं वाटत होतं, त्यांच्यापैकी ६० टक्क्यांहून अधिक रुग्ण या निकषांतून निसटत होते.

यानंतर नाव बदलायची चळवळ सुरू झाली. २००२ मध्ये 'पेनफुल ब्लॅडर सिंड्रोम', २००८ मध्ये युरोपीय गटाचं 'ब्लॅडर पेन सिंड्रोम'. नावातून सूज गेली आणि वेदना आली. वेदना सांगणाऱ्या माणसाचा शब्द आता निदानाचा आधार झाला. दुसरी कारणं वगळायची, आणि मूत्राशयाशी जोडलेली वेदना, दाब किंवा अस्वस्थता ठरावीक काळ टिकली असेल तर तोच आजार. अमेरिकन व्याख्येत हा काळ सहा आठवड्यांहून जास्त असा धरला आहे. २०११ मधल्या एका मोठ्या सर्वेक्षणाचा अंदाज असा, की अमेरिकेत ३३ ते ७९ लाख प्रौढ स्त्रियांना अशी लक्षणं आहेत आणि त्यांतल्या जेमतेम दहा टक्के जणींना या आजाराचं निदान मिळालं आहे. पुरुषांतही तो समजला जातो त्याहून बराच जास्त आहे. त्यांच्याकडे प्रोस्टेटची जुनी सूज असं लेबल लागून तो लपतो.

औषधांची गोष्ट थोडक्यात सांगते. १९९६ मध्ये पेंटोसन पॉलिसल्फेट या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. मूत्राशयाच्या अस्तरावरचा संरक्षक लेप विरळ होतो आणि लघवीतले क्षार आत झिरपतात, या कल्पनेवर ती उभी आहे. कित्येकांनी ती वर्षानुवर्षं घेतली. २०१८ मध्ये नेत्रतज्ज्ञांनी ती दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या दृष्टिपटलात रंगद्रव्याचे विचित्र बदल नोंदवले, आणि २०२० मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा आला. ही गोळी सुरू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दृष्टिपटल तपासून घ्यावं.

नसांचा विचारही परत आला. २००८ पासून अमेरिकेतल्या एका संशोधन जाळ्यानं फक्त मूत्राशयाकडे न बघता ओटीपोटाचे स्नायू, मज्जासंस्था, आतडी आणि अंगभर असणारी दुखणी यांचा एकत्र अभ्यास सुरू केला. २०१२ मध्ये ८१ स्त्रियांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू मोकळे करणारी फिजिओथेरपी घेतलेल्यांपैकी ५९ टक्के जणींना बरं वाटलं; साधा मसाज घेतलेल्यांपैकी २६ टक्के जणींना. मूत्राशयाला हात न लावता मिळालेला हा आराम आहे.

आणि हनर यांचे ते डाग? ते आता वेगळे काढले जात आहेत. डाग असलेल्यांच्या मूत्राशयात खरीखुरी, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी सूज असते. हा स्वतंत्र आजारच मानावा असं अनेक तज्ज्ञांचं मत आहे. त्यांना उपायही वेगळे लागू पडतात: डाग विद्युतप्रवाहानं जाळणं किंवा तिथे ट्रायॅम्सिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देणं. यानं अनेकांना महिनोन्‌महिने आराम पडतो, पुन्हा डाग आले तर ते पुन्हा करता येतं. ज्यांना डाग नाहीत, त्यांच्यासाठी अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशननं २०२२ मध्ये उपचारांची पहिली, दुसरी, तिसरी पायरी अशी जुनी उतरंड काढून टाकली. आहारातले बदल, फिजिओथेरपी, नसांच्या वेदनेवर दिल्या जाणाऱ्या ॲमिट्रिप्टिलीनसारख्या गोळ्या, मूत्राशयात सोडायची द्रावणं, यांतलं काय कोणाला द्यायचं हे आता त्या त्या रुग्णाशी बोलून ठरवायचं आहे. म्हणून हा त्रास असणाऱ्यांनी, विशेषतः पन्नाशीच्या पुढच्यांनी, युरॉलॉजिस्टला एक प्रश्न जरूर विचारावा: दुर्बिणीतून हनरचे डाग बघितले आहेत का, आणि बघितले असतील तर केव्हा?